दुपट्ट्याखाली

ता. ७ ऑगस्ट १९४१, गुरुवार

कापसाच्या जिनवाल्यांनी जानेवारीत दिलेली ही डायरी कोरीच पडली होती. आजपासून लिहायचं ठरवलं. रोज लिहायचं आणि खरं तेच लिहायचं. वाचणारं कोणी नाही, तेव्हा खोटं लिहून उपयोगही नाही.

वच्छला जाऊन आठ महिने झाले. संध्याकाळी बाजारातून आलो की घर फार शांत असतं. मी पूर्वीही फारसा बोलत नसे, पण तेव्हा घर शांत वाटत नसे.

आज बाजारात एक प्रकार झाला. रऊफबरोबर लिंबांचा सौदा होता. आम्हा दलालांचे सौदे तोंडानं होत नाहीत. दुपट्ट्याखाली हातात हात द्यायचा. एक बोट दाबलं की एक, सगळा पंजा धरला की पाच. पाच म्हणजे आणे की रुपये, ते बोलायचं नसतं. माल समोर असतो, दोघांना ठाऊक असतं. शेजारी उभ्या असलेल्याला काही कळत नाही. मला मात्र कळतं. इतक्या वर्षांत मी खांद्याच्या हालचालीवरून भाव ओळखायला शिकलो आहे.

तर रऊफनं दोन बोटं दाबली, मग सोडली, मग चार दाबली. एवढा मुरलेला माणूस चुकला, कारण तो माझ्या गळ्याकडे पाहत होता. म्हणाला, हे काय वाढून राहिलं. मी म्हटलं, काही नाही.

घरी येऊन आरशात पाहिलं. कंठाच्या उजव्या अंगाला आवाळू आलं आहे. लिंबाएवढं. लहान लिंबाएवढं.

उद्या डॉक्टरकडे जाणार.

९ ऑगस्ट, शनिवार

काल जमलं नाही. बाजार होता. आजही होता.

स्वयंपाकाला येणाऱ्या पार्वताबाईच्या लक्षात आलं आहे. तिच्या मते हे मेळघाटच्या पाण्यानं होतं, तिकडच्या पुष्कळ बायांच्या गळ्याला असतं. मी एकदाच चिखलदऱ्याला गेलो होतो, वच्छलेबरोबर, दोन दिवस. पाणी प्यायलो होतो. कारण सापडलं म्हणजे अर्धं काम झालं.

पोळा झाल्यावर डॉक्टरकडे.

२५ ऑगस्ट, सोमवार

दवाखान्यात जाऊन आलो. उशीर झाला असं कोणी म्हणू शकणार नाही, पोळा होऊन तीनच दिवस झाले.

जाण्यापूर्वी तयारी केली होती. डॉक्टरला तीन प्रश्न विचारायचे आणि विसरू नये म्हणून दुपट्ट्याच्या पदराला तीन गाठी मारल्या. पहिला, हे काय आहे. दुसरा, बरं होईल का. तिसरा, होणार नसेल तर माझ्या हातात किती वेळ आहे. मी स्पष्ट बोलणारा माणूस आहे. आजवर वेळ आली नाही इतकंच.

डॉक्टरांनी विचारलं, काय होतंय. मी म्हटलं, तसं बरं आहे. त्यांनी विचारलं, मग का आलात. मी गळ्याकडे बोट केलं. म्हणजे मुद्द्याचं बोललोच. मग त्यांनी विचारलं, बरोबर कोण आहे. मी म्हटलं, कोणी नाही. ते थोडा वेळ दाराकडे पाहत राहिले. त्यांना वाटलं असेल, बाई बाहेर चपला काढत असतील. दहा वर्षांत मी त्यांच्याकडे एकटा कधी गेलो नव्हतो. वच्छला खुर्चीवर बसायच्या आधीच सुरू करायची, याइले रातभर झोप नाही, इचारलं तं सांगत नाहीत, जेवन अर्ध टाकतात. डॉक्टर तिच्याशीच बोलायचे. मी मान हलवायचो. मला वाटायचं, ती फार बोलते.

आयोडीनचे थेंब दिले आहेत. दुधातून घ्यायचे.

तिन्ही गाठी तशाच घरी आल्या. पुढच्या खेपेला उपयोगी पडतील.

३ सप्टेंबर, बुधवार

थेंबांनी गुण आहे. आवाळू मोठं झालेलं नाही. पार्वताबाई म्हणते झालं आहे, पण ती रोज पाहत नाही, मी रोज पाहतो.

आवाज थोडा बसला आहे. बाजारातल्या धुळीनं. आमच्या धंद्यात आवाज लागत नाही, ही देवाची कृपा.

मोर्शीहून आलेल्या मोसंबीच्या ढिगावर रऊफ आणि दुसरा एक व्यापारी दुपट्ट्याखाली बोलत होते. मी खांद्यांवरून भाव ओळखला आणि त्या हिशेबानं माझा ढीग अडवून धरला. भाव तो नव्हता. मोसंबी सडली. रऊफ हसून म्हणाला की माझा खांदा दुखत होता. असं सांगायला हवं होतं त्यानं आधी.

१४ सप्टेंबर, रविवार

पितृपक्षातली नवमी. सवाशीण गेलेल्या बायांची तिथी. वर्षश्राद्ध व्हायचं आहे म्हणून वच्छलेचं पान यंदा मांडता येत नाही, असं गुरुजींनी सांगितलं. मी एक पान बाजूला वाढलं. त्यावर तिचं लिंबाचं लोणचंही वाढलं. तिनं जाण्यापूर्वी घातलेली शेवटची बरणी आहे. मी जपून खातो, एका वेळी एकच फोड.

आज तिचं डॉक्टरांशी झालेलं बोलणं आठवलं. ताप उतरत नव्हता तेव्हाचं. उठून बसली आणि म्हणाली, "खरं सांगा डॉक्टरसाहेब. मले घर आवरून ठेवा लागते." डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. ती म्हणाली, त्याइच्याकडे काय पाहता, ताप मले आहे. मग त्यांनी तिला सांगितलं. पुढच्या दोन-चार दिवसांत तिनं पडल्या पडल्या सगळं आवरलं. लुगडी कोणाला, शेळी कोणाला, माझ्या जेवणाचं कोण पाहणार. पार्वताबाईला तिनंच लावून दिलं. मला तर काही सुचलंच नसतं.

तिला जमलं ते मला न जमायला काय झालं. मी शिकलेला आहे, मराठी सातवी आणि इंग्रजी तिसरी.

अकोल्याहून खुशालराव आले होते. वच्छलेचे धाकटे भाऊ, तिकडे कापसाची दलाली करतात. त्यांनी माझा गळा पाहिला आणि जेवण अर्धवट टाकलं. त्यांच्या ओळखीचे मोठे डॉक्टर अकोल्याला आहेत. ते सगळं ठरवून गेले. ते बोलतात फार. घराण्यातच आहे.

२४ सप्टेंबर, बुधवार

परवा अकोला. आज सराव केला. पार्वताबाईला डॉक्टर केलं. ती चुलीपुढून उठली नाही, म्हणाली, डॉक्टरनी अशीच बसते असं समजा. मग म्हणाली, "हां, काय होते तुमाले?"

मी म्हटलं, विशेष काही नाही.

"मंग घरी जा."

दुसऱ्यांदा म्हटलं, गळ्याला थोडं आहे. ती म्हणाली, ते मले दिसते, तुमाले काय पाहिजे ते सांगा. मी विचार करत होतो तेवढ्यात भाकर करपली. दोष तिनं मला दिला.

एकंदरीत सराव चांगला झाला. कुठे अडतं ते कळलं.

२६ सप्टेंबर, शुक्रवार. रात्री, अकोला

बडनेऱ्याला गाडी बदलून दुपारी पोचलो. खुशालराव स्टेशनवर होते.

डॉक्टर वयस्क आणि सभ्य. गळा बराच वेळ चाचपला. गिळायला सांगितलं, आ करायला सांगितलं. आवाज कधीपासून बसला, घास अडतो का. खुशालरावांनी उत्तरं दिली. मग डॉक्टर हात पुसून थेट माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "तुम्हाला काही विचारायचं आहे का?"

असं आजवर मला कोणी विचारलं नव्हतं. मी दुपट्ट्याचा पदर हातात घेतला. पहिली गाठ बोटाला लागली. मी विचारलं, "आपण मूळचे कुठले?"

ते वाशीमचे आहेत. तिकडे त्यांचा आंब्याचा बाग आहे. त्यावर आमचं चांगलं बोलणं झालं.

नंतर मला बाहेर बाकावर बसायला सांगितलं आणि खुशालराव आत राहिले. मी याचा नीट विचार केला. काही गंभीर असतं तर मलाच आत ठेवलं असतं, कारण ते माझंच असतं. म्हणजे विशेष नाही.

खुशालराव बाहेर आले तेव्हा त्यांचे डोळे लाल होते. अकोल्याला धूळ फार. म्हणाले, काळजीचं कारण नाही, फक्त मुंबईला जायचं. तिथं यासाठी नवीन इस्पितळ निघालं आहे, विजेचा शेक देतात. लगेच जायचं.

काळजीचं कारण नाही तर लगेच का, हे विचारायला हवं होतं. दवाखान्यातच सुचलं असतं तर बरं झालं असतं. खुशालरावांच्या घरी झोपताना सुचलं.

२ ऑक्टोबर, गुरुवार

मुंबईला दिवाळीनंतर जायचं, असा निर्णय मी घेतला. स्वतः घेतला. संत्र्याचा सीझन तोंडावर आहे.

रऊफला सांगितलं तर तो संतापला. सबंध बाजारासमोर म्हणाला की संत्री पुढच्या सालीही येतील. मी त्याला शांतपणे समजावलं की लढाईमुळे वॅगन मिळत नाहीत, मी नसलो तर माझा माल कोण पाहील. तो म्हणाला, मी पाहीन. मी म्हटलं, तू माझा प्रतिस्पर्धी आहेस. तो पान थुंकायला गेला तो परत आलाच नाही.

रागीट आहे. आयशाबी त्याच्याबरोबर कशा राहतात कोण जाणे.

५ ऑक्टोबर, रविवार

आयशाबींनी, म्हणजे रऊफच्या घरून, डबा आला. पातळ खिमट. घास अडतो हे त्यांना कोणी सांगितलं? पार्वताबाईनं सांगितलं असणार. मी सांगायचं आणि ही सगळी माणसं सांगत सुटली आहेत.

पार्वताबाईच्या भाकरी अलीकडे कडक होतात म्हणून घास अडतो. तिला तसं म्हटलं. तिनं भाकर दुधात कुस्करून दिली.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

दिवाळी. वर्षाच्या आत म्हणून आकाशकंदील नाही, फराळ नाही. बरंच झालं, चकली गेली नसती.

लिंबाएवढं म्हणता येणार नाही आता. संत्र्याएवढंही नाही. मधलं काहीतरी.

आजचा संकल्प: मुंबईला पहिल्याच दिवशी, पहिल्याच भेटीत, तिन्ही प्रश्न. खुशालरावांना आधीच सांगून ठेवायचं की मध्ये बोलू नका.

३ नोव्हेंबर, सोमवार. बडनेरा स्टेशन

मेल उशिरानं आहे. बाकावर बसून लिहितो. खुशालराव अकोल्याला चढतील. रऊफ सोडायला आला आहे, मी त्याच्याशी बोलत नसताना. संत्र्याची करंडी घेऊन आला आहे. त्याला म्हटलं, ही माझ्याच ढिगातली दिसतात. म्हणाला, व्हय, तुमच्याच ढिगातली, मीच विकून राहिलो न तुमचा माल. भाव विचारला तर त्यानं दुपट्टा पुढे केला. माझ्या अपेक्षेपेक्षा चांगला भाव आला होता.

गाडी दिसली तसा तो माझ्या पायाशी वाकला. मला वाटलं करंडी उचलतो आहे. माझ्या चपलेचा अंगठा सुटला होता, तो नीट करून दिला.

डायरी मुंबईला नेत नाही. रऊफजवळ देतो, तो घरी पोचवील. तिथं लिहायला वेळ मिळणार नाही.

२९ नोव्हेंबर, शनिवार. अमरावती

परत आलो.

मुंबईचं थोडक्यात. इस्पितळ मोठं आणि स्वच्छ, माणसं मायाळू. दारावर पाटी आहे, मोठ्या इंग्रजी अक्षरांत. मला इंग्रजी तिसरीपर्यंत येतं, तेव्हा वाचता आलं असतं, पण गर्दी होती. खोलीत जाऊन दुपट्ट्याची पहिली गाठ सोडली. तो प्रश्न विचारायची आता गरज नाही.

गळ्यातून बारीक तुकडा काढून तपासला. कापायची वेळ गेली असं डॉक्टर खुशालरावांना सांगत होते, ते ऐकलं. मग शेक. एका मोठ्या यंत्राखाली एकटं पडून राहायचं. बाकीचे सगळे खोलीबाहेर जातात आणि दार लावतात. काही दुखत नाही. नंतर कातडी भाजल्यासारखी काळी होते.

मोठ्या डॉक्टरांना विचारणार होतो. पण ते आले की गळा दाबून पाहायचे आणि गळा दाबलेला असताना बोलता येत नाही. हे कोणाच्याही बाबतीत झालं असतं. शेवटच्या दिवशी त्यांनी मराठीत विचारलं, काही शंका? मी म्हटलं, संत्री खाल्लेली चालतात का? म्हणाले, हवं ते खा.

हवं ते खा. किती मोकळेपणानं म्हणाले. आजाऱ्याला असं कोणी म्हणत नाही.

आवाज आता फक्त वाऱ्यासारखा निघतो. जवळ आल्याशिवाय ऐकू येत नाही.

४ डिसेंबर, गुरुवार

पार्वताबाईनं दुपट्टा धुतला. धुताना दुसरी गाठ सोडून टाकली. तिला वाटलं, मळ बसतो. तिसरीही सोडत होती, मी हात धरला. दुसरा प्रश्न काय होता ते मी तिला सांगितलं नाही. तिनंही विचारलं नाही.

१२ डिसेंबर, शुक्रवार

वच्छलेचं वर्षश्राद्ध झालं. वेळेवर झालं, नीट झालं, मी स्वतः बसलो होतो. हे एक व्हायचं होतं. पुढच्या वेळी कोण करील, असा विचार मनात आला. गुरुजींना विचारायचं होतं, पण ते दक्षिणेच्या गडबडीत होते.

जेवणं आटोपल्यावर ओसरीवर बसलो. खुशालराव अकोल्याहून आले होते. अंगणात खाटेवर रऊफ. बाजारात जपानच्या लढाईच्या बातम्या आहेत, त्यावर बोलणं चाललं होतं. मध्येच थांबलं. रऊफनं भुवई उंचावून खुशालरावांकडे पाहिलं. खुशालरावांनी माझ्याकडे पाहिलं, मी डोळे मिटले होते, म्हणजे अर्धे. मग खुशालराव खाटेवर सरकले, आपला दुपट्टा सोडला आणि रऊफच्या हातावर टाकला.

दोघं दलाल, एक कापसाचा, एक फळांचा. माझ्याच अंगणात. जसे बैलबाजारात दोघं बैलाच्या पाठीवरून हात मिळवतात आणि बैल पुढे पाहत उभा असतो.

मी खांदा पाहिला. खुशालरावांचा खांदा एकदाच हलला. मला काही ओळखता आलं नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा हे लिहितो, मला खांद्यावरून कधीच काही ओळखता आलेलं नाही.

रऊफनं हात काढून घेतला आणि म्हणाला, जपान्यांचं काही खरं नाही.

१३ डिसेंबर, शनिवार

सकाळी बाजारात गेलो. पार्वताबाई नको म्हणत होती. टांगा केला नाही, हळूहळू चालत गेलो. रऊफ संत्र्यांच्या ढिगाशी बसला होता. उठून जागा दिली. मी त्याच्यासमोर बसलो आणि माझा दुपट्टा माझ्या हातावर टाकून हात पुढे केला.

तो म्हणाला, आज सौदा नाही, आराम करा. मी हात तसाच ठेवला. तो संत्री उलटीपालटी करू लागला. आजूबाजूला हमाल होते, गिऱ्हाइकं होती. मी हात ठेवला.

शेवटी तो हलक्या आवाजात म्हणाला, "कोनत्या मालाचा भाव पाहिजे, भगवंतराव?"

मी दुसऱ्या हातानं गळ्याला स्पर्श केला. आणि बोललो. आवाज निघाला नाही, पण ओठ हलले ते त्यानं पाहिले. "काल तुले सांगितला तो. मले दे."

बोललो. विचारलं. तिसरा प्रश्न मी स्वतः विचारला आहे, ही नोंद इथं करतो.

रऊफनं मान खाली घातली. मग त्याचा हात दुपट्ट्याखाली आला. त्याला आधी गाठ लागली, ती त्यानं बोटानं बाजूला केली. आणि माझा सगळा पंजा धरला.

सगळा पंजा म्हणजे पाच.

सौद्यात पंजा धरतात आणि लगेच सोडतात. रऊफनं सोडला नाही. गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं, काहून सेठ, संत्री देता का, म्हणालं. त्यानं तिकडे पाहिलंही नाही. गिऱ्हाईक निघून गेलं. आम्ही तसेच बसलो.

पाच काय, ते विचारायचं राहिलं. आमच्यात ते विचारत नाहीत, माल समोर असला की कळतं. बहुतेक वर्षं असावीत. पाच वर्षं म्हणजे पुष्कळ झाली. घर आवरायला पुरतील.

घरी आल्यावर लोणच्याची बरणी उतरवली. तळाशी बोटभर राहिलं आहे. पार्वताबाईच्या कानाशी जाऊन विचारलं, एवढं पाच वर्षं पुरेल का. ती कणीक मळत होती. हात थांबले. मग म्हणाली, "तुमी खाता कुठं आता, दादा. पुरंल."

तिचं म्हणणं बरोबर आहे. पुरेल.